झालेले न झालेले करणे: 'सुपरमॅन' चित्रपट आणि गतकाळाचा प्रश्न

सर्वशक्तिमान ईश्वराला घडून गेलेली गोष्ट न घडलेली करता येईल काय, हा तत्त्वज्ञानातील फार जुना प्रश्न आहे. अ‍ॅरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रात अ‍ॅगॅथॉन या नाटककाराचा आधार घेऊन असे मत नोंदवले, की झालेले न झालेले करणे ही एकच गोष्ट देवालाही शक्य नाही. ११ व्या शतकात पीटर डेमियन या इटालियन धर्माचार्याने ईश्वराच्या सामर्थ्याविषयी लिहिलेल्या दीर्घ पत्रात हा प्रश्न पुन्हा उघडला. ईश्वर काळाच्या बाहेर असल्यामुळे त्याच्या दृष्टीने भूत आणि भविष्य यांत भेद नाही, असे सांगत त्याने ईश्वराच्या शक्तीला 'होऊन गेले' या शब्दाने अडवता येणार नाही या दिशेने युक्तिवाद नेला; त्याचा नेमका आशय कोणता, यावर अभ्यासकांचे आजही एकमत नाही. १३ व्या शतकात थॉमस अ‍ॅक्वायनस याने मात्र निर्णायक नकार दिला, कारण जे घडले ते घडलेच नव्हते असे करणे म्हणजे व्याघात, अर्थात स्वतःलाच खोडणारे विधान होय आणि व्याघात हा सामर्थ्याचा विषयच होऊ शकत नाही. धर्मशास्त्रज्ञांच्या वर्तुळात राहिलेला हा वाद डिसेंबर १९७८ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झालेल्या, रिचर्ड डॉनर दिग्दर्शित 'सुपरमॅन' या चित्रपटाच्या शेवटच्या काही मिनिटांत कोट्यवधी प्रेक्षकांपुढे आला, आणि त्या चित्रपटाने अ‍ॅरिस्टॉटल व अ‍ॅक्वायनस या दोघांच्याही विरुद्ध कौल दिला.

तो प्रसंग आधी नीट समजून घेणे आवश्यक आहे. लेक्स लूथर हा खलनायक दोन क्षेपणास्त्रे दोन दिशांना वळवतो. त्यांपैकी एक न्यू जर्सीतील हॅकेन्सॅक या गावाकडे जाते आणि दुसरे कॅलिफोर्नियातील सॅन अँड्रियास भ्रंशाकडे, म्हणजे भूकवचाचे दोन प्रचंड भाग जेथे एकमेकांना घासून सरकतात त्या भेगेकडे. क्रिप्टोनाइट या घातक खनिजामुळे निर्बल झालेल्या सुपरमॅनची सुटका लूथरचीच सोबतीण ईव्ह टेशमाकर करते. परंतु तिची आई हॅकेन्सॅकला राहत असल्यामुळे पूर्वेकडचे क्षेपणास्त्र आधी थोपवण्याचे वचन ती त्याच्याकडून घेते. सुपरमॅन वचन पाळतो आणि त्यामुळेच दुसरीकडे उशिरा पोहोचतो. भूकंप होतो, आणि तो रेल्वे, धरण व गावे सावरत असताना त्याची प्रिय स्त्री, पत्रकार लोइस लेन, दुभंगलेल्या जमिनीत मोटारीसह गाडली जाऊन गुदमरून मरते. तिचे प्रेत मातीतून काढल्यावर तो आक्रोश करत आकाशात झेपावतो. तेथे नष्ट झालेल्या क्रिप्टॉन ग्रहावरील जन्मदात्याचा, जॉर-एलचा, आवाज त्याला मानवी इतिहासात हस्तक्षेप करण्यास मनाई करतो, तर कॅन्सस प्रांतातील पालक पिता जोनाथन केंट याचे शब्द, तू येथे काही कारणासाठी आला आहेस, याची आठवण देतात. तो मनाई मोडतो आणि पृथ्वीभोवती अशा वेगाने फेऱ्या मारतो की पृथ्वीचे भ्रमण उलटते, काळ मागे सरकतो, कोसळलेले खडक पुन्हा वर चढतात आणि लोइस आपल्या बंद पडलेल्या मोटारीत जिवंत असते. पृथ्वी उलटी फिरवल्याने काळ उलटत नाही, हा भौतिकशास्त्रीय आक्षेप खरा आहे, पण त्याने मूळ प्रश्नाला धक्का लागत नाही.

या प्रसंगाचा अर्थ लावण्यासाठी न्याय आणि वैशेषिक या भारतीय दर्शनांनी केलेले अभावाचे विश्लेषण विलक्षण उपयोगी पडते. मडके घडण्यापूर्वी मातीत त्याचे जे नसणे असते त्याला प्रागभाव म्हणतात. त्याला आरंभ नाही, परंतु मडके घडताच त्याचा अंत होतो. मडके फुटल्यानंतरचे जे नसणे, तो प्रध्वंसाभाव. त्याला फुटण्याच्या क्षणी आरंभ होतो, पण अंत कधीच नाही, कारण त्याच मातीचे पुन्हा मडके केले तरी ते दुसरे मडके असते आणि पहिले फुटलेलेच राहते. मृत्यूचे सारे गांभीर्य या 'अंत नाही' मध्ये सामावलेले आहे. चित्रपटाच्या शेवटी लोइस परत येते असे म्हणणे म्हणूनच चुकीचे ठरते. तिला कोणी उठवत नाही, तर तिचा मृत्यू अद्याप न झालेल्या गोष्टींच्या रांगेत नेऊन ठेवला जातो आणि तेथून तो कधीच बाहेर पडत नाही. पुनरुज्जीवन आणि मृत्यूचे पुसले जाणे या दोन गोष्टी दिसायला सारख्या असल्या, तरी धर्माच्या दृष्टीने त्यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

महाभारतात या पहिल्या प्रकाराची उदाहरणे आहेत. सावित्रीच्या कथेत सत्यवान मरतो, यम त्याचा प्राण घेऊन निघतो आणि सावित्री त्याच्यामागे चालत राहते. मृत्यू येथे घडलेला आहे, आणि पुढचे जीवन त्या मृत्यूच्या नंतरचे आहे. आश्वमेधिक पर्वात अश्वत्थाम्याच्या अस्त्रामुळे उत्तरेचे मूल मृतावस्थेत जन्मते, तेव्हा कृष्ण आपल्या आजवरच्या सत्यवचनाची ग्वाही देऊन त्या सत्याच्या बळावर परीक्षिताला जिवंत करतो. योहानाच्या शुभवर्तमानात लाझारसला थडग्यातून बोलावण्यापूर्वी येशू रडतो. आपण त्याला उठवणार आहोत हे ठाऊक असूनही रडतो, हे त्या कथेचे मर्म आहे, कारण त्या अश्रूंनी चार दिवसांच्या मरणाला मान्यता दिलेली असते. या तिन्ही कथांत दुःखाचा इतिहास शाबूत राहतो. लोइसला मात्र आपण मेलो होतो हे ठाऊकच नाही. परीक्षिताच्या प्रसंगाशी एक साम्य चित्रपटाच्या अगदी हाताशी होते, ते म्हणजे सुपरमॅननेही शब्द पाळलेला होता आणि त्याची किंमत लोइसच्या प्राणांनी दिली होती. सत्यपालनातूनच तिच्या परतण्याचे सामर्थ्य आले असते, तर कथेला नैतिक तोल लाभला असता. पटकथेने तो धागा सोडून दिला आणि वेगावर भिस्त ठेवली, हे या चित्रपटाचे सर्वांत मोठे वैचारिक दौर्बल्य मानावे लागते.

हा शेवट केवळ चिंतनातून आलेला नाही, याची नोंद घेणे अगत्याचे आहे. निर्माते अलेक्झांडर व इल्या साल्किंड आणि पिएर स्पेंग्लर यांनी दोन चित्रपटांचे चित्रीकरण एकाच वेळी हाती घेतले होते आणि मारिओ पूझो यांच्या मूळ लेखनावर डेव्हिड न्यूमन, लेस्ली न्यूमन व रॉबर्ट बेंटन यांनी, आणि अखेरीस टॉम मँकिविट्झ यांनी काम केले होते. काळ मागे फिरवण्याचा प्रसंग मूळ आराखड्यात दुसऱ्या चित्रपटाच्या शेवटी होता. मार्च १९७७ मध्ये सुरू झालेले चित्रीकरण लांबत गेले, खर्च वाढत गेला, दिग्दर्शक आणि निर्माते यांच्यातील संबंध ताणले गेले, तेव्हा दुसऱ्या भागाचे काम थांबवून पहिला भाग पुरा करण्याचे ठरले आणि तो प्रसंग उचलून पहिल्या भागाच्या अखेरीस बसवण्यात आला. प्रदर्शनानंतर डॉनर यांना दूर करून दुसरा भाग रिचर्ड लेस्टर यांच्याकडून पूर्ण करून घेण्यात आला. ईश्वरी सामर्थ्याविषयीचे इतके धीट विधान वेळापत्रकाच्या ओढाताणीतून जन्मले, म्हणून ते विधान कमी दर्जाचे ठरत नाही. धर्मग्रंथांच्या संपादनाचा इतिहासही असल्या जुळवाजुळवींपासून मुक्त नाही.

डॉनर यांनी चित्रपटभर जपलेले तत्त्व मात्र या शेवटाच्या नेमके उलट दिशेचे होते. त्यांच्या दालनात एकच शब्द लिहिलेला फलक होता, आणि त्याचा अर्थ यथार्थाभास, म्हणजे कल्पित गोष्ट खऱ्याच्या नियमांनी घडते असा प्रत्यय देणे. त्यासाठी लंडनजवळच्या पाइनवुड स्टुडिओत जे परिश्रम झाले, ते आज संगणकाच्या काळात कल्पनेतही येणे कठीण आहे. सुपरमॅनचा पोशाख निळा आणि निळ्या पडद्यापुढे चित्रित केलेली निळी वस्तू पुढील प्रक्रियेत नाहीशी होते, ही अडचण ओलांडण्यासाठी पोशाखाच्या रंगछटेपासून विचार करावा लागला. झोरान पेरिसिक यांनी पुढून प्रतिमा टाकण्याच्या पद्धतीत केलेली सुधारणा निर्णायक ठरली. या पद्धतीत नटाच्या मागे असलेल्या, प्रकाश आल्या वाटेनेच परत पाठवणाऱ्या पडद्यावर समोरून आकाशाचे चित्र टाकले जाते. पेरिसिक यांनी कॅमेरा आणि प्रक्षेपक या दोहोंना झूम भिंगे बसवून ती एकमेकांशी अशी बांधली, की कॅमेऱ्याने नटाला जवळ ओढले तरी मागचे आकाश त्याच आकाराचे दिसे. परिणामी सुपरमॅनच्या भूमिकेतील क्रिस्टोफर रीव्ह जागेवरच असूनही प्रेक्षकाकडे झेपावत आल्यासारखा भासे. छायाचित्रकार जेफ्री अन्सवर्थ यांच्या मऊ, धुक्यासारख्या प्रकाशाने आणि जॉन विल्यम्स यांच्या संगीताने त्या उड्डाणाला भारदस्तपणा आला. अन्सवर्थ चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीच वारले आणि तो त्यांना अर्पण करण्यात आला. सुमारे ५.५ कोटी डॉलर खर्चून तयार झालेल्या या चित्रपटाने जगभरात जवळपास ३० कोटी डॉलर मिळवले, दृश्य परिणामांसाठी त्याला विशेष ऑस्कर मिळाले, आणि २०१७ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचा समावेश झाला. वजन आणि गुरुत्व यांचा इतका आदर करून दाखवलेल्या जगात शेवटी मृत्यूचेच वजन काढून घेतले जाते, हा विसंवाद म्हणूनच डोळ्यांत भरतो.

चित्रपटाचा धार्मिक आशय समीक्षकांनी मागाहून चिकटवलेला नाही. सुपरमॅन हे पात्र क्लीव्हलंड शहरातील जेरी सीगल आणि जो शुस्टर या ज्यू स्थलांतरितांच्या मुलांनी निर्माण केले व ते १९३८ मध्ये 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात अवतरले. विनाशातून वाचवण्यासाठी आईबापांनी अज्ञाताच्या हवाली केलेले बालक ही कल्पना मोझेसच्या कथेची आठवण करून देते, आणि कॅल-एल या सुपरमॅनच्या जन्मनावातील 'एल' हा हिब्रूत ईश्वरवाचक शब्द आहे. चित्रपटाने या ज्यू गाभ्यावर ख्रिस्ती कथेचा घाट चढवला: आपला एकुलता पुत्र मानवांचे भले करण्यासाठी पाठवणारा शुभ्र तेजाने वेढलेला पिता, त्या पित्याविरुद्ध बंड करून हाकलला गेलेला झोड, बालकाला स्वीकारणारे निपुत्रिक दांपत्य, आणि एकांतातील दीर्घ साधनेनंतर तिसाव्या वर्षी सुरू होणारे जाहीर कार्य. मँकिविट्झ यांनी हे साम्य पुढे मोकळेपणाने मान्य केले.

साम्य जेथे संपते तेथून मात्र विचाराला खरा आरंभ होतो. इ. स. ४५१ मध्ये कॅल्सिडन येथे भरलेल्या ख्रिस्ती धर्मपरिषदेने येशू पूर्णपणे ईश्वर आणि पूर्णपणे मानव असल्याचा सिद्धान्त घोषित केला. त्याचे मानवपण केवळ भास होता, असे मानणारा पंथ त्यापूर्वीच पाखंडी ठरला होता. क्लार्क केंट हा चष्मा लावलेला, अडखळणारा वार्ताहर त्या पाखंडाच्या जवळचा आहे, कारण त्याचे अडखळणे हा अभिनय आहे. पैठणला एकनाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन बारा वर्षे पाण्याच्या कावडी वाहणारा देव जेव्हा कावड खांद्यावर घेतो, तेव्हा पाणी खरे असते आणि रांजणही खराच भरतो. क्लार्कच्या वेषातून असे कोणाचे पाणी भरले जात नाही. सामर्थ्यवानाने स्वतःला आवरून घेणे म्हणजे काय, याविषयी धर्मपरंपरांनी फार खोल विचार केला आहे. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात पौलाने ख्रिस्ताने स्वतःला रिते केल्याची कल्पना मांडली. १६ व्या शतकात गॅलिलीतील सफेद येथे इसहाक लुरिया या ज्यू गूढवाद्याने शिकवले, की विश्वाला जागा मिळावी म्हणून ईश्वराने आधी स्वतःला आकुंचित केले. महाभारतात युद्धानंतर द्वारकेकडे निघालेल्या कृष्णाला उत्तंक ऋषी भेटतात आणि सामर्थ्य असूनही कुलक्षय थांबवला नाही म्हणून शाप द्यायला सिद्ध होतात. कृष्णाचे उत्तर असे, की आपण ज्या योनीत जन्म घेतो त्या योनीला साजेसे वागतो, आणि मनुष्ययोनीत असल्यामुळे आपण कौरवांना विनवले, भयही दाखवले, पण त्यांनी ऐकले नाही. अवताराची मर्यादा येथे बाहेरून लादलेली नाही. ती अवतार या शब्दाच्या अर्थातच आहे. जॉर-एलची मनाई ही अशाच मर्यादेची सूचना होती, परंतु ती पुत्राच्या स्वभावाचा भाग न होता केवळ आज्ञा राहिली, आणि आज्ञा शोकाच्या पहिल्या आवेगात मोडली.

तरीही ती मोडणाऱ्याला सरळ दोषी ठरवणे कठीण आहे, कारण चित्रपटात त्याआधी आणखी एक मृत्यू येऊन गेला आहे. कॅन्ससच्या शेतघराच्या अंगणात जोनाथन केंट छातीला हात लावून कोसळतो, आणि अठरा वर्षांचा मुलगा त्याच्या कबरीपाशी उभा राहून एवढ्या साऱ्या शक्ती असून आपण त्याला वाचवू शकलो नाही, एवढेच म्हणतो. सबंध चित्रपटातील हा सर्वांत सच्चा क्षण आहे. ग्लेन फोर्ड यांनी तो मोजक्या हालचालींत उभा केला आहे. सीगल यांचे स्वतःचे वडील १९३२ मध्ये त्यांच्या दुकानात चोरटे शिरले तेव्हा हृदयक्रिया बंद पडून गेले होते, आणि त्यानंतर मुलाने गोळी न लागणारा माणूस कल्पिला. या दोन गोष्टींत कार्यकारणसंबंध सिद्ध करता येत नसला, तरी कबरीपाशी उभा असलेला तो तरुण पाहताना त्या दुकानाचा विसर पडत नाही. वडिलांच्या मृत्यूने त्याला सामर्थ्याची मर्यादा शिकवली; लोइसच्या मृत्यूच्या वेळी तो ती नाकारतो, आणि नाकारताना आधार घेतो तो वडिलांच्याच वाक्याचा. मग वडिलांसाठी काळ का फिरवला नाही, हा प्रश्न उरतोच. त्या वेळी त्याला ते येत नव्हते, हे उत्तर पुरेसे नाही, कारण ज्याला एक दुपार उलटवता येते त्याला बारा वर्षे का येऊ नयेत? देव एकाला वाचवतो आणि दुसऱ्याला का नाही, हा प्रत्येक शोकाकुल घरातला प्रश्न चित्रपटाने नकळत आपल्याच नायकाच्या घरात आणून ठेवला आहे.

कर्मसिद्धान्ताच्या चर्चेत कृतहान आणि अकृताभ्यागम असे दोन दोष सांगितले जातात: केलेल्याचे फळ नाहीसे होणे आणि न केलेल्याचे फळ वाट्याला येणे. ज्या विश्वात हे दोष शिरतात त्यात नीती उभी राहू शकत नाही. लूथरने लोइसला मारले की नाही? काळ उलटल्यानंतर मारले नाही, असेच म्हणावे लागते. म्हणजे त्याचे पाप त्याच्या शिक्षेशिवाय आणि पश्चात्तापाशिवाय नाहीसे झाले. प्रायश्चित्ताची कल्पना याहून वेगळी आहे, कारण ते कृत्य पुसत नाही, कर्त्याला त्याच्या परिणामांना सामोरे उभे करते. याचे उदाहरण पडद्यामागेच आहे. सीगल व शुस्टर यांनी १९३८ मध्ये अवघ्या १३० डॉलरना सुपरमॅनचे हक्क गमावले होते आणि पुढे बरीच वर्षे ओढगस्तीत काढली होती. चित्रपटाची तयारी सुरू असताना, जनमताच्या दडपणाखाली, १९७५ मध्ये दोघांना प्रत्येकी वार्षिक २०,००० डॉलर आणि पात्राचे जनक म्हणून श्रेय देण्याचे वॉर्नर कंपनीने मान्य केले. चित्रपटाच्या आरंभी त्यांची नावे झळकतात. त्या सदतीस वर्षांतील एकही दिवस यामुळे परत आला नाही. भरपाई ही झालेल्याला झालेले मानूनच करावी लागते, आणि या बाबतीत पडद्यामागचा व्यवहार पडद्यावरच्या कथेपेक्षा अधिक सत्यनिष्ठ ठरला.

पुढच्या पिढीतील सुपरहिरोपटांवर, म्हणजे अमानवी सामर्थ्याच्या नायकांच्या चित्रपटांवर, 'सुपरमॅन'चा ठसा खोल आहे. मार्व्हलच्या चित्रमालिकेचे सूत्रधार केव्हिन फायगी यांच्या कारकिर्दीची सुरुवात डॉनर दांपत्याच्याच निर्मितीसंस्थेत झाली. २०१९ च्या 'अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम' मध्ये काळप्रवास करून नाहीशी झालेली अर्धी जीवसृष्टी परत आणली जाते, परंतु मधली पाच वर्षे पुसायची नाहीत, अशी अट टोनी स्टार्क घालतो, कारण त्या वर्षांत त्याला मुलगी झाली आहे. लोक परततात ते पाच वर्षांनी जुन्या झालेल्या जगात. शोक झालेला असतो आणि तो झालेलाच राहतो. डॉनर यांच्या परंपरेत वाढलेल्यांनी त्यांच्याच शेवटाची केलेली ही दुरुस्ती आहे आणि ती तात्त्विकदृष्ट्या उजवी आहे, कारण तिने प्रध्वंसाभावाला हात न लावता नवे जीवन मागितले. २०१३ च्या 'मॅन ऑफ स्टील'ने ख्रिस्ती प्रतीके अधिक ठळक केली, इतकी की त्याच्या प्रचारासाठी धर्मोपदेशकांना प्रवचनाची टिपणे पुरवण्यात आली; मर्यादेच्या प्रश्नाला मात्र त्या ठळकपणातून नवे उत्तर मिळाले नाही.

१९७८ च्या चित्रपटात या प्रश्नाचे एक उत्तर दडलेले आहे, आणि ते त्याच्या कर्त्यांना अभिप्रेत असो वा नसो, ते तेथे आहे. काळ उलटल्यानंतर सुपरमॅन लोइसच्या मोटारीपाशी उतरतो, तेव्हा ती भूकंपाबद्दल, बंद पडलेल्या मोटारीबद्दल आणि त्याला लागलेल्या उशिराबद्दल त्याच्यावर चिडते. तो ऐकत राहतो. मातीतून ओढून काढलेले तिचे निष्प्राण शरीर आता जगात कोठेही नाही. ते फक्त त्याच्या स्मरणात आहे, आणि तेथून ते काढण्याइतका वेग त्याच्याजवळ नाही. घडलेले न घडलेले झाले असते, तर त्याच्या चेहऱ्यावर त्या स्मरणाची खूण दिसली नसती. तिला आपला मृत्यू ठाऊक नाही, त्याला तो सांगता येत नाही. आणि ज्या दिवशी हे घडले, किंवा घडले नाही, त्या दिवशीही कॅन्ससमधील गव्हाच्या शेतांपलीकडची जोनाथन केंटची कबर होती तेथेच होती.